मास्तरचं तिकीट

बालाजी, तू गेलास हे मी मान्य केलं आहे. तुझ्यावरचा माझा संशय मात्र अजून गेलेला नाही.

लोक येतात, तुझ्या ओट्यावर बसतात, माझ्या घरून गेलेला चहा पितात आणि देवमाणूस होता म्हणून उठतात. मी मान हलवतो. देवमाणसाचं देव बघून घेईल. मी तुझ्या बहिणीचा नवरा, तुझा दाजी. मधे छातीएवढी भिंत ठेवून इतकी वर्षं तुझ्या शेजारी राहिलेला माणूस. वसमतच्या आपल्या गल्लीत माझ्या पाठीमागे मला घरजावई म्हणतात, तेही तूच पसरवलंस असा माझा जुना अंदाज आहे, पण तो विषय आज नको.

सगळी नोकरी मी एसटीत कंडक्टर म्हणून काढली. मागच्या बाकावर झोपेचं सोंग घेतलेला माणूस तिकीट न काढता बसलाय, हे मला त्याच्या तोंडावरून कळायचं. खरा झोपलेला माणूस तोंड उघडं टाकतो, सोंगाड्या मिटून घेतो. तुझी बहीण कौसल्या म्हणते, तुम्ही देवळात गेलात तरी घंटा कोणी बडवली ते आधी बघता. बघतो. संशय घेतल्याशिवाय गाडी चालत नाही. आणि तुझ्यासारखा मेहुणा असल्यावर घरी आलं तरी डोळा लावायची सोय नव्हती.

तुझ्यावर माझे दोन आरोप होते. दोन्ही तू हयातभर उडवून लावलेस.

पहिला कुत्र्याच्या नावाचा. मी रिटायर झालो आणि त्याच पावसाळ्यात तू शेतातून एक पिल्लू उचलून आणलंस. अंगानं काळं, पुढचा उजवा पाय तेवढा पांढरा. नाव ठेवलंस मास्तर. आता आपल्याकडे कंडक्टरला मास्तर म्हणतात हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. ओ मास्तर, गाडी हट्ट्याला थांबते का, ओ मास्तर, खिडकी लागत नाही. माझा जन्म त्या हाकांत गेला. मी तुला विचारलं तर तू तोंड इतकं गरीब केलंस की बघत राहावं. म्हणालास, शाळेतल्या मास्तरच्या नावानं ठेवलं, लई मारायचे मला. मी म्हटलं, असेल. पण पुढं तो कुत्रा दारात येणाऱ्या प्रत्येकाला उभा करायला लागला, वरपासून खालपर्यंत हुंगायला लागला, आणि पटलं तरच आत सोडायला लागला. शाळेतला कोणता मास्तर असं करतो? तू दुपारी ओट्यावरून हाक मारायचास, "मास्तर, चला जेवाय," आणि भिंतीच्या अलीकडे मी ताटावर बसलेला. एकदा तर मी ओ दिली. तुमच्याकडून जे हसणं ऐकू आलं ते मी विसरलेलो नाही.

दुसरा आरोप चिमट्याचा. तिकिटाला भोक पाडायचा चिमटा. डेपोतले चिमटे ढिले असायचे, म्हणून मी माझा स्वतःचा आणला होता. पुढे मशीन आलं, छापील तिकिटं गेली, तरी तो मी जपून ठेवला. आमच्या आरशाशेजारच्या खिळ्याला तो टांगलेला असायचा. त्याचा आवाज ऐकून भरल्या गाडीतली गडबड शांत व्हायची. नुसतं दांडीला दोनदा टिक टिक केलं की माणसं खिशात हात घालायची. तर तो चिमटा एके दिवशी खिळ्यावरून गेला. घरात मी, कौसल्या, आणि दिवसातून चार वेळा भिंतीवरून टांग टाकून येणारा तू. चोर शोधायला पोलीस लागत नव्हता.

तू म्हणालास, उंदरानं नेला असंल.

नंतर काही दिवसांनी सकाळच्या उन्हाच्या वेळी भिंतीपलीकडून आवाज यायला लागला. टिक. मग थोडा वेळ काही नाही. मग परत टिक. मी पेपर खाली ठेवून कान दिला. सबंध नोकरीभर जो आवाज मी हातात वागवला तो मला कळणार नाही? मी भिंतीपाशी जाऊन हाक मारली, बालाजी, हे काय वाजून राहिलं? पलीकडे एकदम चिडीचूप. मग तुझा आवाज आला, "काय न्हाई दाजी. पाल असंल."

पाल! आपल्या घरात पाली कमी नाहीत, पण पाल रोज ऊन ओट्यावर आलं की चुकचुकते आणि मी भिंतीपाशी आलो की गप्प होते, अशी पाल मी पाहिली नव्हती. तू वर मला कानाच्या डॉक्टरकडे जायचा सल्लाही दिलास. रिटायर माणसाला असे आवाज येतात म्हणालास. कौसल्येकडे बघितलं तर ती पदर तोंडाला लावून चुलीकडे वळली. तेव्हाच माझ्या मनात आलं की पाणी कुठंतरी मुरतंय, आणि बहीण-भाऊ मिळून मुरवतायत.

आणि तिसरी एक गोष्ट, तिला आरोप म्हणता येणार नाही. ते आपलं भांडण. मास्तरची नखं तू घरी काढतोस हे मला तुझ्या बायकोकडून, सुनंदाकडून कळलं तेव्हा मी हसलो होतो. माणसाला स्वतःची नखं काढायला सवड नाही आणि तू कुत्र्याची काढून राहिला. मी म्हटलं, बालाजी, कुत्र्याची नखं रस्ता घासतो. देवानं रस्ता त्याच्यासाठीच केलाय. तू म्हणालास, हा दिवसभर ओट्यावर पडून राहतो, रस्ता कधी घासणार, आणि अंगठ्याचं नख तर रस्त्याला लागतच नाही. कुत्र्याला अंगठा असतो यावर माझा विश्वास बसला नाही. मला वाटलं, ही नवी थाप. तू त्याचा पाय उचलून दाखवायला निघालास तर मी म्हटलं, राहू दे, मला वेळ नाही. वेळ भरपूर होता. तुझं खरं निघेल असं वाटलं म्हणून मी उठून गेलो.

मग तुझं दुखणं निघालं. नांदेडच्या वाऱ्या सुरू झाल्या, तू तिकडे जास्त आणि घरी कमी. शेवटच्या वेळी मी तुला दवाखान्यात भेटायला आलो तेव्हा तुझ्या नाकाला नळी होती. सुनंदा औषध आणायला खाली गेली होती. तू मला जवळ बोलावलंस आणि म्हणालास, "दाजी, मास्तरचं तिकीट राह्यलंय. तेवढं बघा."

खरं सांगतो, मला राग आला. मी मास्तर. माझं तिकीट राहिलंय. म्हणजे तू पुढं निघालास आणि माझा नंबर अजून आहे, असं तू मला मरता मरता टोचतोयस, असंच मला वाटलं. गाडीत बसून परत येताना सगळा रस्ता मी त्या वाक्याचा कीस पाडत होतो. हा माणूस नळी लावलेली असताना सुद्धा चेष्टा करतो. आणि ती चेष्टा होती तर तू हसला का नाहीस, हेही मला कळेना. तू हसला असतास तर मी निवांत झोपलो असतो.

त्यानंतर तू बोलला नाहीस. तू घरी आलास तो चौघांच्या खांद्यांसाठी.

मास्तर तुझ्या ओट्याखाली जाऊन बसला. माणसं येत होती, रडणं चाललं होतं, आणि तो कोणाला हुंगत नव्हता. त्यावर लोक म्हणाले, मुकं जनावर, दुःख झालंय. मीही आधी तेच धरलं. पण दुसऱ्या दिवशी सुनंदाचा भाऊ दत्ता, आपल्या इकडच्या गोरेगावहून आलेला, ओट्यावरून उतरताना त्याच्याजवळून गेला तर मास्तरनं त्याच्या पोटरीला तोंड घातलं. दात बसले नाहीत, धोतर फाटलं. दत्तानं गोंधळ केला. म्हणाला, मालक गेल्यावर कुत्रं पिसाळतं, आता बायामाणसांच्या घरात हे नको, दहावं झालं की मी याला गोरेगावला नेतो आणि शेतात साखळीनं बांधतो. त्यानं जीपवाल्याला सांगूनही ठेवलं. जमलेल्या सगळ्यांनी माना हलवल्या. सुनंदा भिंतीला टेकून बसली होती. तिनं दत्ताकडे बघितलं, मग ओट्याखाली बघितलं. तू गेल्यापासून ती फक्त मास्तरशी दोन शब्द बोलायची, पाणी पी रे, खा रे, एवढंच. मोठ्या भावासमोर, भरल्या बैठकीत ती काय बोलणार? पण तिचा चेहरा मी पाहिला. तुझा पोरगा पुण्याला परत जाणार. मग त्या दारात उरणार कोण?

मला त्या कुत्र्याबद्दल माया होती असं मी म्हणणार नाही. माझं म्हणणं वेगळं होतं. दोन्ही आरोपांचा तो एकटा साक्षीदार, आणि चौकशी पूर्ण व्हायच्या आत साक्षीदाराला गोरेगावला पाठवतात? शिवाय मला दत्ताचं म्हणणं पटलं नव्हतं. पिसाळलेलं कुत्रं पाणी पीत नाही, हा पीत होता. मी समोर खुर्ची टाकून बसलो आणि मास्तरवर नजर ठेवली. तो उठला की पुढचा डावा पाय टेकवत नव्हता. टेकवला की लगेच उचलायचा. मी वाकून पाहिलं तर पायाच्या आतल्या बाजूला, जमिनीपासून चार बोटं वर, एक नख. वाढून वाढून कानातल्या बाळीसारखं गोल वळलेलं, आणि टोक कातडीला येऊन टेकलेलं. तिथं लाल खळगा पडला होता. अजून आत घुसलं नव्हतं, पण घुसायच्या बेतात होतं.

अंगठा. बालाजी, तुझं हे एक मी मान्य करतो. एकच.

मी उठून सगळ्यांना सांगितलं की हे कुत्रं पिसाळलेलं नाही, त्याचं नख वाढलंय, ते काढलं की ठीक होईल. तर बैठकीत नवाच पेच निघाला. सुतकाच्या घरात नखं काढत नाहीत. तुझा चुलता म्हणाला, घरातल्या माणसानं स्वतःचीच नखं दहाव्यापर्यंत काढायची नाहीत, मग कुत्रं काय घराबाहेरचं आहे का, तेबी घरचंच, त्यालाबी सुतक. म्हातारा गंभीरपणे बोलत होता. मी म्हटलं, काका, त्याला सुतक असेल तर दहाव्याला त्याचंही डोकं भादरा मग. कोणीतरी खोकल्यात हसू लपवलं. पण दहाव्यापर्यंत थांबलं असतं तर नख आत गेलं असतं, आणि दहाव्यानंतर जीप येणार होती. शेवटी कौसल्येनंच तोडगा काढला. म्हणाली, "सुतकाच्या घरात नको, आमच्या अंगणात करा. आन् ह्यायला कुठं सुतक हाय? हे तर जावई." दत्तालाही सुतक नव्हतं, पण तो त्याचं फाटलेलं धोतर दाखवून मागं सरकला. उरलो मी.

तर सकाळी ऊन आल्यावर मी माझ्या अंगणात तयारी केली. माझा नेहमीचा नेलकटर, एक पोतं, आणि कौसल्या. बेत असा की पोत्यानं तोंड झाकायचं, तिनं धरायचं, मी कापायचं. तुला हा बेत ऐकायला मिळाला असता तर तू भिंतीवरून पडला असतास. मास्तरला भाकरी दाखवून अंगणात आणलं. पोतं बघितलं आणि त्यानं असा आवाज काढला की कौसल्या तुळशीमागे गेली. नेलकटर घेऊन मी त्याच्या पायापासून हातभर लांब होतो तेव्हाच त्यानं दात दाखवले. मग तो लंगडत निघून गेला आणि परत ओट्याखाली बसला. दत्ता पलीकडून बघत होता.

तेव्हा सुनंदा भिंतीपाशी आली. सुतकात ती आमच्या अंगणात पाऊल टाकणार नव्हती. तिनं पलीकडूनच एक पत्र्याचा डबा भिंतीवर ठेवला आणि म्हणाली, "दाजी, ते यातलं वापरायचे." एवढंच बोलून उभी राहिली. डबा आपल्या हळदीचा, जुना, झाकण वाकडं. मी झाकण काढलं. वर एक मऊ फडकं. त्याखाली कुत्र्याची नखं काढायची छोटी पक्कड, कडू तेलाचं बोट लावून ठेवलेली. कागदाच्या पुडीत तुझ्या शेतातली हळद. आणि तळाला माझा चिमटा.

माझा. मुठीजवळ सुतळी गुंडाळलेली, ती मी गुंडाळली होती.

बालाजी, मला किती आनंद झाला हे मी तुला काय सांगू. इतकी वर्षं मी म्हणत होतो! काखेत कळसा आणि गावाला वळसा. मी तो चिमटा वर धरून कौसल्येला दाखवला, सुनंदाला दाखवला, दत्तालाही दाखवला, ज्याचा या प्रकरणाशी काही संबंध नव्हता. आणि तुला दाखवायला वळलो. तुझी जागा म्हणजे भिंतीचा तो कोपरा, जिथं तू हनुवटी टेकवून उभा राहायचास. तिथं कोणी नव्हतं. माझी सबंध केस तयार, मुद्देमाल हातात, आणि आरोपी नाही. मला रडू आलं. सगळ्यांच्या देखत आलं. तुझ्या प्रेताजवळ नव्हतं आलं.

कौसल्या म्हणाली, तिला ठाऊक होतं. तूच तिला शपथ घातली होतीस.

हात काय करतायत ते माझं मला कळत नव्हतं. बोटं सवयीनं मुठीवर गेली आणि मी चिमटा वाजवला. टिक.

ओट्याखालून मास्तर निघाला. गल्लीतून वळसा घालून, तीन पायांवर, आमच्या फाटकातून आत आला. माझ्यासमोर बसला. आणि माझ्याकडे बघत राहिला, जसे प्रवासी बघतात, आता काय मागतोय हा.

सुनंदा भिंतीवरून म्हणाली, "तिकीट म्हणा, दाजी."

मी म्हटलं, तिकीट. मास्तरनं डावा पाय उचलला आणि माझ्या हातात दिला. दुखरा पाय.

तुझं दवाखान्यातलं वाक्य मला तेव्हा कळलं. नळीतून बोललास ते चेष्टेचं नव्हतं. कुत्र्याच्या पायाची काळजी करत होतास, आणि ते काम तू मला सांगितलं होतंस, दुसऱ्या कोणाला नाही. सरळ मराठीत नख म्हणाला असतास तर काय बिघडलं असतं? पण तुझ्या तोंडी तो शब्दच राहिला नव्हता. रोज कुत्र्यासमोर तिकीट म्हणून म्हणून नखाचं तिकीटच झालं होतं.

मग सुनंदा सांगत गेली आणि मी करत गेलो. सगळ्या दुखवट्यात ती एवढं बोललेली कोणी ऐकली नव्हती. पाय आवळून धरायचा नाही, हात मिळवल्यासारखा धरायचा. उन्हाकडे तोंड करून बसायचं, सावलीत करायचं नाही. पांढऱ्या पायाच्या नखात गुलाबी शीर दिसते, तिच्या बरंच अलीकडे थांबायचं. काळ्या नखात काही दिसत नाही, म्हणून तिथं तांदळाएवढं तांदळाएवढं काढायचं आणि दर वेळी कापलेली जागा बघायची. कोरडी, पांढुरकी दिसली तर अजून जागा आहे. मधोमध ओलसर काळा ठिपका दिसला की हात आवरायचा, पुढं जीव आहे. मी चष्मा पुसला. वळलेल्या नखाचं नुसतं टोक आधी घेतलं, कातडीपासून सुटं होईल एवढं. पक्कड टिक झाली. मास्तरनं कान हलवला, पाय नाही हलवला. कौसल्येनं त्याला भाकरीचा कुटका दिला. मग अजून थोडं. खळग्यावर सुनंदानं दिलेल्या कोमट मिठाच्या पाण्याचं फडकं लावलं.

चिमट्याचं कारणही तिनंच सांगितलं. पहिल्या वेळी तू घाईनं एक नख जास्त कापलं होतंस, रक्त आलं, आणि नंतर पक्कड नुसती वाजली तरी मास्तर खाटेखाली जायचा. तेव्हा तुला माझा चिमटा आठवला. वाजतो पक्कडीसारखाच, पण कापत काही नाही. तू सकाळच्या उन्हात बसून नुसता चिमटा वाजवायचास आणि भाकरी द्यायचास. टिक, भाकरी. टिक, भाकरी. पाय हातात घेणं नाही, काही नाही. ती तुझी पाल. आवाजाची भीती गेली तेव्हा पाय हातात घ्यायला लागलास, आणि मग कुठं खरी पक्कड काढलीस.

मी विचारलं, मग माझ्याकडे मागितला काहून नाही? मी दिला नसता का?

सुनंदा म्हणाली, "तुमी दिला असता. पण कुत्र्याचं नाव मास्तर काहून ठेवलं, ते पुन्हा इचारलं असतं."

आणि खरंच विचारलं असतं. म्हणजे दोन्ही आरोप सिद्ध झाले, बालाजी. एकाच डब्यातून.

पुढच्या नखाला माझा हात जरा जास्त गेला. रक्ताचा थेंब आला, माझा धीर सुटला, मला वाटलं आता हा तोंड घालणार आणि दत्ताची जीप ठरली. सुनंदानं पुडीकडे बोट केलं. मी हळद दाबून धरली, फडकं धरून तसाच बसलो, रक्त थांबलं. मास्तरनं पाय ओढून घेतला आणि माझ्याकडे पाहिलं. मी पक्कड खाली ठेवली. चिमटा एकदा वाजवला, भाकरी दिली, आणि काही मागितलं नाही. सुनंदा म्हणाली, आज एवढंच, एका दिवसात सगळे पाय करायचे नाहीत, असं ते म्हणायचे.

मी म्हटलं, जा रे. तो जाईना. उठा म्हटलं, उठेना. मला वाटलं पाय जास्त दुखला. सुनंदा म्हणाली, डबल बेल द्या. मी दोनदा चिमटा वाजवला, टिक टिक, आणि मास्तर उठून चालायला लागला. एक बेल थांबा, दोन बेल चला. सबंध धंदा उतरवून घेतला होतास माझा, नक्कल म्हणून की काय म्हणून ते मला अजून ठरवता आलेलं नाही. मी सुनंदाला विचारलं, बालाजी माझी चेष्टा करायचा का? ती म्हणाली, करायचे ना. मग म्हणाली, पण चिमटा वाजवताना पाठ ताठ करून बसायचे, तुमच्यावाणी. यातून मी काय समजायचं ते तूच सांग.

मास्तर चारही पाय टेकवत दत्ताच्या समोरून गेला. थांबला, त्याला वरपासून खालपर्यंत हुंगलं, आणि सोडून दिलं. दत्ता म्हणाला, बरं दिसतंय आता, पण शेतात तरी मोकळं राहील. तेव्हा सुनंदा बोलली. आवाज चढवला नाही, पदर सारखा केला आणि म्हणाली, "मास्तर कुठंबी जानार न्हाई. माझ्या दारात राहील." मला क्षणभर कळेना की ती कोणाबद्दल बोलतेय. दत्तानंही माझ्याकडे पाहिलं. जीपवाल्याला नको म्हणून निरोप गेला.

दहावं झालं. तुझा पोरगा पुण्याला गेला. गर्दी ओसरली, आता चहा दोन घरांपुरताच होतो. चिमटा मी परत आणला नाही, तुझ्याच डब्यात ठेवला. चोरीचा माल चोराच्या घरी ठेवलाय, उद्या कोणी विचारलं तर मी तुझंच नाव सांगेन. आणि कुत्र्याचं नाव माझ्यावरून ठेवलं होतंस हे तू तोंडानं एकदाही कबूल केलं नाहीस, म्हणून ती चौकशी मी बंद केलेली नाही. करणारही नाही. मी संशय घ्यायचा आणि तू नाकारायचं, एवढाच आपला रोजचा धंदा होता. माझ्या वाट्याचं काम मी चालू ठेवणार आहे.

मास्तरचा दुसरा पाय राहिला होता, पांढरा. सुतक फिटल्यावर मी तुझ्या ओट्यावर, तुझ्या जागेवर, ऊन बघून बसलो. मास्तर समोर बसला. मी चिमटा काढला. पाठ आपोआप ताठ झाली, ती तुझ्यासारखी की माझ्यासारखी कोण जाणे. टिक. भाकरी. टिक. भिंतीपलीकडे कौसल्येच्या भांड्यांचा आवाज थांबला. तिनं हाक मारली, "काय वाजून राहिलं हो?"

तिला माहीत होतं काय वाजतंय ते. मला माहीत होतं की तिला माहीत आहे.

मी मास्तरचा पाय हातात घेतला आणि म्हटलं, "काय न्हाई. पाल असंल."

पलीकडे ती हसली, तू गेल्यापासून पहिल्यांदा. मग ते हसणं मोडलं आणि ती रडायला लागली. मी उठलो नाही. पाय हातात होता, आणि नखात शीर कुठवर आलीय ते नीट बघायला डोळे कोरडे व्हायची वाट बघत होतो.